मॉक ड्रिलमधला दहशतवादी टोपीच का घालतो?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक साधी गोष्ट पहिल्याच वर्षी कळते. सोयीच्या एकाच हल्ल्याची चाचणी घेत राहिलं तर सिस्टीम सुरक्षित होत नाही, फक्त रिपोर्ट छान दिसतो.

गर्दीच्या आणि महत्त्वाच्या ठिकाणी पोलीस मॉक ड्रिल घेतात. घ्यायलाच हवं. पण २०२३ च्या सुरुवातीला अहमदनगर, चंद्रपूरमधल्या ड्रिलमध्ये दहशतवादी झालेले पोलीस ‘अल्लाहु अकबर’च्या घोषणा देताना दिसले. प्रकरण कोर्टात गेलं. त्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पुढच्या सुनावणीपर्यंत असं ड्रिल घेऊ नका, असं बजावलं.

काही जण म्हणतील, भावना दुखावल्या म्हणून ओरडताय. भावना बाजूला ठेवू. हे ड्रिल म्हणून तरी बरोबर आहे का?

२६ नोव्हेंबर २००८. सीएसएमटीत कसाब शिरला तो टी-शर्ट, कार्गो पँट आणि पाठीवर सॅक अशा वेशात. खिशात हिंदू नावाचं बनावट ओळखपत्र. टोपी आणि दाढी शोधायला शिकवलेल्या शिपायाने त्याला वाट करून दिली असती, आणि पलीकडे गावी निघालेल्या एखाद्या चाचांची पिशवी उचकली असती. त्या रात्री स्टेशनात मेलेल्यांमध्ये मुसलमानही होते, हे विसरू नका.

त्या रात्री जीव कोणी वाचवले? दिल्लीहून एनएसजी पोहोचेपर्यंत सकाळ झाली होती. तोवर विष्णू झेंडे स्टेशनच्या माइकवरून प्रवाशांना बाहेर काढत होते. जवळच्याच कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायांना सुरक्षित खोलीत हलवलं. म्हणजे पहिले काही तास जागेवरच्या माणसांचेच असतात. हमाल, टॅक्सीवाला, वॉर्डबॉय, शेजारचा मोहल्ला. खरा आराखडा यांच्यापासून सुरू व्हायला हवा: दार कुठलं उघडायचं, माइक कोणाच्या हातात, जखमींना न्यायचं कुठे. ज्या मोहल्ल्याला तुम्ही ड्रिलमध्ये शत्रू ठरवता, तो त्या रात्री मदतीला धावेल. पण त्याच्यावर भरवसा ठेवायचा सराव तुम्ही कधी केलाय?

दोस्तांनो, नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर चिडून भागणार नाही. नागरी संरक्षण दलात नाव नोंदवा, प्रथमोपचार शिका. मोहल्ला कमिटीच्या बैठकीत साहेबांना सरळ विचारा: पुढच्या ड्रिलमध्ये आमचं काम काय? उत्तर ‘दहशतवादी’ असेल, तर ते लेखी मागा.