गृहिणींसाठी : ताजी अळंबी



गतवर्षी श्रावणात आमच्या शेजारच्या मावशी एक झाकलेली टोपली घेऊन दारी आल्या. "माळावर मिळाली हो. निम्मी तुझ्या मुलांसाठी आणली," असे म्हणून त्यांनी झाकण काढले. आत पांढरीशुभ्र भूछत्रे होती. "विषारी नसतील ना?" असे मी भीत भीत विचारले. त्यावर त्या म्हणाल्या, "चार उकळून त्यांत रुप्याचे नाणे टाकले. काळे पडले नाही!"

मावशींच्या मायेविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. परंतु ही कसोटी खोटी आहे. नाणे, लसूण किंवा किड्यांनी कुरतडल्याची खूण यांपैकी कशावरही भरवसा ठेवू नये. काही प्राणघातक भूछत्रांचे विष शिजवल्याने वा वाळवल्याने नष्ट होत नाही. वांत्या व जुलाब बहुधा सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात; मध्यंतरी बरे वाटते, आणि आत यकृत निकामी होत असते. म्हणून, चुकून खाण्यात आल्यास त्रासाची वाट न पाहता, उरलेला तुकडा बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे.

गोव्यात पावसाळ्यात जिची चातकासारखी वाट पाहतात, ती वारुळावरील अळंबी खरोखर रुचकर असते. वाळवी आपल्या अन्नासाठी ती बुरशी वारुळात जोपासते. छत्री उमलण्यापूर्वीच उपटली, तर तिचे बीजाणू पसरत नाहीत. तेव्हा रोजच्या स्वयंपाकासाठी लागवडीची बटन अळंबीच उत्तम.

ती घेताना टणक, कोरडी व मिटलेल्या टोपीची पाहून घ्यावी. चिकट वा दुर्गंधी येणारी घेऊ नये. घरी आणल्यावर कागदी पिशवीत घालून शीतपेटीत ठेवावी व दोन-तीन दिवसांत संपवावी. पाण्यात भिजत घालू नये. शिजवण्याच्या वेळीच वाहत्या पाण्याखाली झटपट धुऊन फडक्याने टिपावी. देठाचे मातकट टोक तेवढे कापावे, साल काढण्याचे कारण नाही. चिरलेली अळंबी दुपारच्या उन्हात अर्धा तास ठेवल्यास तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होते.

आता रस्सा. चार माणसांस 400 ग्रॅम अळंबी पुरे. एक कांदा उभा चिरून व अर्ध्या नारळाचा चव थोड्या तेलावर तांबूस परतावा. एक चमचा धणे, पाच ब्याडगी मिरच्या, सहा मिरी, दोन लवंगा व दालचिनीचा लहान तुकडा वेगळा भाजून, पाच लसूणपाकळ्या व हळद घालून सर्व बारीक वाटावे. पसरट भांड्यात तेल तापवून दुसरा कांदा परतावा व मोठ्या आचेवर अळंबी टाकावी. झाकण ठेवू नये. अळंबीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. ते सुटून आटेपर्यंत सात-आठ मिनिटे धीर धरावा. येथेच घाई झाली की रस्सा पाणचट होतो. मग वाटण, मीठ, दोन आमसुले व वाटीभर गरम पाणी घालून दहा मिनिटे मंद आचेवर शिजू द्यावे. पाव किंवा भाकरीबरोबर वाढावे.

त्या दिवशी मी टोपली परत केली, तेव्हा मावशींचा चेहरा उतरला. "माझ्या हातचे विष वाटते काय तुला?" एवढेच त्या बोलल्या. दुसऱ्या दिवशी बाजारातून अळंबी आणून मी रस्सा केला व पहिली वाटी त्यांच्या घरी नेली. त्यांनी चव घेतली, थोडा वेळ गप्प राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "ती टोपली मी कालच पुरून टाकली गं. माझीही नातवंडे आहेत."

भगिनींनो, प्रेमाने आणलेली वस्तू नाकारणे जड जाते. परंतु मुलांच्या ताटाशी भीड बाळगू नये.