पेढीच्या हिशेबाची दुसरी प्रत

रोजमेळ आणि खतावणी लाल वह्यांतून टॅलीत गेली, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. अलीकडे अनेक व्यापारी घरांत त्यापुढचे पाऊल पडले आहे. दोन हार्ड डिस्क असलेली एक लहानशी पेटी माडीवर ठेवली जाते आणि दुकानातले व घरातले सर्व संगणक तिला जोडले जातात. बाजारात तिला ‘नॅस’ म्हणतात. टॅलीचा डेटा, बिले, खरेदीखतांच्या स्कॅन केलेल्या प्रती, लग्नकार्यांची छायाचित्रे असा सारा ठेवा तिच्यात एकत्र येतो. विक्रेता सांगतो, ‘डिस्क दोन आहेत, एक बिघडली तरी दुसरी आहे.’ एवढ्यावर घरातील मंडळी निश्चिंत होतात.

ही निश्चिंती अर्धीच खरी आहे. त्या दोन डिस्क एकमेकींचा आरसा असतात. एक डिस्क यंत्रदोषाने बंद पडली, तर दुसरीवर काम चालू राहते, हा लाभ खरा. परंतु मुनिमाने चुकून एका वर्षाचा फोल्डर पुसला, तर तो त्याच क्षणी दोन्हींवरून पुसला जातो. खंडणीखोर विषाणूने फायली कुलूपबंद केल्या, तर त्या दोन्हीकडे कुलूपबंद होतात. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या अशाच विषाणूने इंटरनेटला थेट जोडलेल्या क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांवर हल्ला केला होता. आरशाची जोडी त्यापुढे निरुपयोगी असते. म्हणून पेटीबाहेरची, स्वतंत्र डिस्कवरची प्रत हवीच.

ती डिस्क निवडताना किमतीआधी आकार पाहावा. सर्व्हरवर आज जेवढा डेटा आहे, त्याच्या किमान दुपटीची जागा बॅकअपच्या डिस्कवर असावी, कारण तिच्यावर फायलींच्या जुन्या आवृत्त्याही राहायच्या असतात. दोन टेराबाइट डेटा असेल, तर चार टेराबाइटची डिस्क घ्यावी. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या तारेवरच चालते आणि खिशात मावते. साडेतीन इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो, पण मोठ्या क्षमतेत ती स्वस्त पडते. एसएसडी वेगवान खरी, मात्र वीज न मिळता दीर्घकाळ कपाटात पडून राहिली, तर तिच्यातील नोंदी क्षीण होऊ शकतात. तिजोरीत ठेवायच्या प्रतीसाठी जुनी फिरती हार्ड डिस्कच बरी. वेगाची फारशी चिंता नको. सेकंदाला १०० मेगाबाइट या गतीने दोन टेराबाइटची पहिली प्रत साधारण साडेपाच तासांत, म्हणजे एका रात्रीत होते. त्यानंतर केवळ बदललेल्या फायली उतरवायच्या असल्याने काम सहसा काही मिनिटांचे राहते.

एकच महागडी डिस्क घेण्यापेक्षा दोन साध्या डिस्क घेणे अधिक शहाणपणाचे. एक सर्व्हरला जोडावी, दुसरी घराबाहेर असावी आणि दर पंधरवड्याला त्यांची अदलाबदल व्हावी. कायम जोडलेल्या डिस्कवर विषाणूही पोहोचतो आणि विजेचा लोळही. ‘घराबाहेर’ म्हणजे शेजारच्या गल्लीत नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले, तेव्हा बाजारपेठ आणि तिच्यालगतची वस्ती एकाच पुरात बुडाली होती. पेढीचा संगणक तळमजल्यावर आणि त्याची प्रत दोन घरे सोडून भावाच्या तळमजल्यावर, अशी व्यवस्था तेथे कामाला आली नसती. उंचावरच्या बँकेतील लॉकर, किंवा दुसऱ्या गावी दिलेल्या लेकीचे घर, हे अधिक चांगले. मात्र डिस्क गावाबाहेर जाणार असेल, तर ती सांकेतिक कुलपाने बंद करावी आणि तो पासवर्ड कागदावर लिहून घरच्या तिजोरीत ठेवावा. तो हरवला, तर डिस्क असून नसल्यासारखी.

आवृत्त्या किती ठेवाव्यात? रोजच्या महिनाभर, मासिक वर्षभर आणि ३१ मार्चची प्रत मात्र अनेक वर्षे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. आयकराचे काम चालू असेल, तर सनदी लेखापालांस विचारूनच जुने पुसावे. टॅली उघडी असताना तिचा फोल्डर परस्पर उतरवू नये. आधी टॅलीतील बॅकअपची सोय वापरावी आणि ती फाइल डिस्कवर न्यावी.

एवढे करूनही एक काम बहुतेक ठिकाणी राहून जाते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामवंत सॉफ्टवेअर कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य डेटा पुसला गेला. बॅकअपच्या अनेक सोयी होत्या, परंतु ऐनवेळी त्यांतील बहुतेक चालतच नव्हत्या, हे तेव्हा उघड झाले. सुमारे सहा तास जुनी एक प्रत योगायोगाने उपलब्ध होती, तिच्यावरून काम सावरले. तज्ज्ञांच्या कंपनीत हे घडते, तर पेढीवर का घडणार नाही? तिमाहीतून एकदा डिस्क वेगळ्या संगणकाला जोडावी, गेल्या महिन्याचा टॅली डेटा त्यावर परत उभा करावा आणि रोख शिल्लक व दोन मोठी खाती छापील कागदाशी ताडून पाहावीत. अर्ध्या तासाचे काम आहे. ते संगणकवाल्यावर न सोपवता घरातील एखाद्या मुलाने किंवा सुनेने शिकून घ्यावे, कारण संगणकवाला नेमका त्या दिवशी फोन उचलेलच असे नाही.