व्हीआयएन टाकून अ‍ॅक्सल कळत नाही!

आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या जमातीला एक जुना रोग आहे. स्क्रीनवर दिसलं की ते खरं. समोर लोखंड पडलेलं असलं तरी आपण डेटाबेसला विचारणार.

इथे अमेरिकेत आमच्या मित्रमंडळींत सध्या जुनी व्हॅन घेऊन तिचा कॅम्पर करायची साथ आलीय. शेवरलेची जी-३० (ही मालिका १९९६ पर्यंत चालली) किंवा फोर्डची ई-३५०. घ्या की, मस्त गाड्या आहेत. पण "मागचा अ‍ॅक्सल कुठला आहे रे?" असं विचारलं की दहातले नऊ जण म्हणतात, "व्हीआयएन टाकला की कळेल ना!"

नाही कळत. १९८१ पासूनच्या सतरा अक्षरी व्हीआयएनमध्ये कंपनी, मॉडेल, वजनाचा गट, इंजिन, वर्ष, कारखाना असं बरंच काही असतं. मागचा अ‍ॅक्सल आणि त्याचा रेशो नसतो. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन व्हॅन शेजारी उभ्या केल्या तरी खाली वेगवेगळे अ‍ॅक्सल निघू शकतात, कारण ऑर्डर देणाऱ्याने जे मागितलं ते कारखान्यात बसवलं गेलं. त्यात मधल्या तीस-चाळीस वर्षांत कोणी भंगारातून आणून दुसराच टाकला असेल तर मग विचारूच नका.

एका मित्राला मागच्या चाकाचं ऑइल सील हवं होतं. पार्ट्सच्या दुकानात काउंटरवरच्या पोराने वर्ष आणि मॉडेल टाकलं. स्क्रीनवर तीन पर्याय आले, त्याने शांतपणे पहिला दिला. बसला नाही. दुसऱ्यांदा दुसरा दिला, तोही बसला नाही. दोन शनिवार गेले. आणि ह्या सगळ्यात एकानेही, मित्राने नाही आणि दुकानवाल्यानेही नाही, गाडीखाली डोकं घालून बघितलं नव्हतं. मी तिथेच म्हटलं, "अरे बाबा, दोन मिनिटं खाली वाक."

बरं, खाली वाकणाऱ्यांमध्येही एक पंथ आहे, "बोल्ट मोजा"वाल्यांचा. डिफरन्शियलच्या झाकणाचे बोल्ट मोजायचे आणि निकाल लावायचा. सुरुवात म्हणून ठीक आहे. पण जीएमच्या साडेनऊ इंची अ‍ॅक्सलच्या झाकणाला चौदा बोल्ट आणि साडेदहा इंची अ‍ॅक्सलच्या झाकणालाही चौदाच. डाना ६० ला दहा, डाना ७० लाही दहा! चाकाचे नट मोजून तरी? तेही नाही, साडेनऊ इंचीवरही आठ नटांचं चाक असू शकतं. आणि विकणारा मात्र जाहिरातीत बिनधास्त "१४ बोल्ट, हेवी ड्यूटी" असं ठोकून देतो.

"काय फरक पडतो, दोन्ही चालतातच की" असं म्हणणारे भेटतात, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. जीएमचा साडेनऊ इंची हा सेमी-फ्लोटिंग. त्यात चाक थेट शाफ्टला जोडलेलं असतं. शाफ्टने चाक फिरवायचं आणि गाडीचा भारही उचलायचा. साडेदहा इंची फुल-फ्लोटिंग. त्यात भार हब आणि त्याचे बेअरिंग घेतात, शाफ्ट फक्त फिरवतो. शाफ्ट तुटला तर फुल-फ्लोटिंगची गाडी जागच्या जागी थांबते, चाक जिथल्या तिथे. सेमी-फ्लोटिंगचा शाफ्ट बाहेरच्या टोकाला तुटला तर चाक तुमच्याआधी पुढे निघून जाऊ शकतं. आता ह्या गाडीत प्लायवूडची कपाटं, बॅटऱ्या, शंभर लिटर पाणी (म्हणजे शंभर किलो, फक्त पाण्याचे), सायकली आणि मागे झोपलेली दोन पोरं घाला. मग सांगा काय फरक पडतो.

आणि ही ओळख पटवायला तर गाडीखाली जायचीही गरज नाही! मागच्या चाकाच्या मधून जाडजूड हब बाहेर आलेला असेल आणि त्याच्या तोंडावर बोल्टांचं कडं असेल, तर फुल-फ्लोटिंग. आपल्याकडच्या ट्रकच्या मागच्या चाकात हेच दिसतं, लहानपणापासून बघतोय आपण. मध्ये सपाट असेल किंवा नुसती छोटी टोपी असेल, तर सेमी.

पुढचं खाली जाऊन, वायर ब्रश घेऊन. डानाच्या हाउसिंगवर ६० किंवा ७० असा आकडा ओतलेलाच असतो, आणि नळीवर बिल ऑफ मटेरियलचा नंबर ठोकलेला असतो. चाळीस वर्षांचा चिखल आणि ग्रीस खरवडलं की दिसतो. झाकणाच्या बोल्टखाली कधी पत्र्याचा छोटा टॅग सापडतो, त्यावर रेशो असतो. फोर्डच्या दाराच्या लेबलवर अ‍ॅक्सलचा कोड असतो, जीएमच्या ऑप्शन कोडच्या लेबलवर जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. ही लेबलं जरूर वाचा, पण ती कारखान्यातून निघाली त्या दिवशीची आहेत हे विसरू नका.

रेशोची खात्री करायची तर पुढच्या चाकांना ठोकळे, मागची दोन्ही चाकं वर, गाडी स्टँडवर (नुसत्या जॅकवर नाही, प्लीज!), गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक चाक फिरवा. दुसरं उलटं फिरत असेल तर डिफरन्शियल साधं आहे. मग मित्राला दुसरं चाक घट्ट धरायला सांगा, आपलं चाक पूर्ण दोन वेळा फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. चारपेक्षा किंचित जास्त आले तर ४.१०. दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरत असतील तर लॉकिंग किंवा लिमिटेड स्लिप आहे, तिथे एकच फेरा पुरे. खडूची एक खूण आणि दोन माणसं, बस्स. लॉगिन नाही, पासवर्ड नाही.

आता मंडळी म्हणतील, "साडेदहा इंची निघाला, म्हणजे वाट्टेल तेवढं सामान भरू." अजिबात नाही. दारावरच्या लेबलवर मागच्या अ‍ॅक्सलची जी वजनमर्यादा आहे, ती पाटे, रिम, टायर सगळं धरून असते. टायर तेच राहिले तर अ‍ॅक्सल कितीही दणकट असला तरी तो आकडा वाढत नाही. कपाटं ठोकायच्या आधी वजनकाट्यावर जाऊन या.

आणि एकदा ओळख पटली की अ‍ॅक्सलचं नाव, रेशो आणि नळीवरचा नंबर ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी काउंटरवरच्या पोराने वर्ष विचारलं की त्याला हे वाचून दाखवा.