शून्य पाऊस की नोंदच नाही?

मंडळी, पावसाच्या अहवालातले आलेख जरा नीट बघा. पर्जन्यमापक बंद पडला, नोंद आली नाही, की त्या दिवशी सरळ ० मिमी! अहो, शून्य हीसुद्धा नोंदच असते. मापक चालू होता आणि पाऊस पडला नाही, असा तिचा अर्थ. आपल्याकडे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. नेमका त्याच दिवशी मापक बंद असला तर कागदावर कोरडा दिवस. मग वाहून गेलेल्या सोयाबीनचं शेतकऱ्याने काय सांगायचं? सरासरीही घसरते. पाच दिवसांत ७० मिमी म्हणजे रोजचे १४. नोंद नसलेले दोन दिवस शून्य धरले की १०. एक्सेलच्या आलेखात रिकामी जागा रिकामीच ठेवायची सोय आहे, ती वापरा की! ती दिसली तर निदान कुणीतरी विचारेल, मापक कधी दुरुस्त करताय?