पंख्याचा पाम : बी पेरा आणि दम धरा

मैत्रिणींनो, मंगल कार्यालयाच्या दाराशी किंवा एखाद्या बंगल्याच्या फाटकात पंख्यासारख्या पानांचा पाम तुम्ही पाहिला असेलच. नर्सरीत त्याला चायना पाम किंवा फॅन पाम म्हणतात; शास्त्रीय नाव लिव्हिस्टोना चायनेन्सिस. मूळचा तो दक्षिण जपान, तैवान आणि दक्षिण चीनकडचा. वाढलेलं झाड विकत घेणं घरखर्चातून परवडत नाही, पण ओळखीच्या झाडाखाली पडलेली बी फुकट मिळते. लागतो तो वेळ.

बी ताजीच हवी. गहू-हरभऱ्यासारखी ही बी वर्षभर डब्यात टिकत नाही; पार वाळली की तिच्यातला जीव जातो. म्हणून किती जुनं आहे ते ठाऊक नसलेलं पाकीट घेऊ नका. पिकून पडलेली निळसर-हिरवी फळं आणा, गर पूर्ण काढा (नाहीतर बुरशी धरते) आणि बिया दोन-तीन दिवस पाण्यात ठेवा. पाणी रोज बदलायचं बरं का!

‘ताडाचंही पान पंख्यासारखंच ना, मग ताडगोळा पेरला तर?’ असं शाळेत मुली मला विचारतात. अगं, ताडगोळा म्हणजे कोवळी, न पिकलेली बी. ती कुठून उगवणार? आणि पिकलेल्या ताडाचा कोंब आधी जमिनीत हात-दीड हात खोल जातो, मग वर पान. ते कुंडीचं काम नाही.

आपल्या पामचा कोंबही आधी खालीच जातो, पण थोडासा. म्हणून पसरट कुंडीपेक्षा तळाला भोकं पाडलेला तेलाचा उभा डबा बरा. आपली काळी माती नुसती वापरली तर पाणी धरते आणि बी कुजते. माती, जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा किंवा कोकोपीट सारखं सारखं घ्या. बी बोटाच्या एका पेराएवढी खोल पेरा. माती ओलसर ठेवा, चिखल नको.

या बीला ऊब लागते, साधारण २७ ते ३२ अंश. जुन्नर-आंबेगावकडे पौष-माघात रात्री केवढी थंडी पडते ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा पेरलेली बी नुसती झोपून राहते. म्हणून फाल्गुन-चैत्रात पेरा आणि डबा सावलीत, उबदार जागी ठेवा.

आता खरी परीक्षा. कोंब वर यायला दोन-तीन महिने लागतात, कधी जास्तही. दीड महिना झाला की घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘त्या रिकाम्या डब्यात मिरची तरी लाव!’ आणि आपणही कंटाळून माती उकरून बघतो. तिथेच कोवळा कोंब मोडतो. म्हणून पेरल्याची तारीख डब्यावर ठळक लिहा आणि सगळ्यांना सांगून ठेवा.

दुसरा धोका उगवल्यानंतरचा. पहिली पानं पंख्यासारखी नसतात, गवताच्या रुंद पात्यासारखी असतात. तण समजून कोणी उपटलं की सगळी मेहनत गेली! रोपाला चिकटलेली बीसुद्धा ओढू नका, रोप अजून तिच्यावरच जगत असतं. दोन-तीन पानं आली की मुळांची माती न फोडता मोठ्या कुंडीत हलवा. मधला शेंडा कधीच छाटू नका. पामला वाढीचा डोळा एकच; तो गेला की झाड गेलं. देठांना काटे असतात, तेव्हा रांगतं मूल असेल तर कुंडी आवाक्याबाहेर ठेवा.

नारायणगाव-मंचरच्या कोरड्या उन्हात रोपाला पहिली दोन वर्षं सावली द्या. डिंभे-घाटघरकडच्या पावसात कुंडी वळचणीच्या धारेखाली नको आणि भोकं मोकळी हवीत. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं पानांची टोकं करपतात. पावसाचं पाणी साठवून घाला.

भीमाशंकरला गेलात की भेरली माडाचं रोप उपटून आणावंसं वाटेल. मुळीच आणू नका. १९८५ पासून ते अभयारण्य आहे. शिवाय त्या माडाचं पान माशाच्या शेपटीसारखं, पंख्यासारखं नव्हे.

पहिला खरा पंखा उलगडायला दोन-तीन वर्षं जातात. यंदा पहिलीत गेलेली लेक तोवर चौथीत जाईल. घरात आपण घातलेल्या किती गोष्टींना इतका वेळ मिळतो, सांगा बरं? या एका कुंडीला तेवढा द्या. आणि हो, डब्यावरची तारीख पुसट झाली की पुन्हा गिरवा.