संगणक सुरू होत नाही? फार उत्तम!



नव्या वस्तूने पहिल्याच दिवशी दगा दिला की मन किती खट्टू होते, हे तुम्हांला सांगायला नको. नागपूरच्या मनीषनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या अकरावीतल्या एका मुलीवर गेल्या उन्हाळ्यात हाच प्रसंग आला. साठवलेल्या पैशांतून तिने एकेक भाग विकत आणला आणि स्वतःच्या हाताने संगणक जोडला. घरची सारी मंडळी भोवती जमली. तिने कळ दाबली. ना पंखा फिरला, ना पडदा उजळला.

मग सल्ले सुरू झाले. दुकानदार फोनवर म्हणाला, “मदरबोर्ड गेला असेल, दुसरा घ्या.” मी विज्ञानाचा शिक्षक, म्हणून मला बोलावणे आले. मीही छातीठोकपणे सांगितले, “वीजपुरवठ्याची पेटी जळाली.”

मुलगी शांतपणे म्हणाली, “काका, कशावरून?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते! ‘कशावरून?’ असे विचारायला शिका, हे वर्षानुवर्षे वर्गात सांगणारा मीच. दुकानदाराचे किंवा माझे ऐकले असते, तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार होऊन तिचे काही हजार रुपये पाण्यात गेले असते.

आम्ही वही घेतली आणि आधी यंत्राचे कार्य समजून घेतले. दिव्याचे बटण दाबले की तुटलेला मार्ग जोडला जातो आणि प्रवाह थेट दिव्यात जातो. संगणकाची कळ तशी नसते. ती वीज सोडत नाही, फक्त निरोप देते. मागची पेटी घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहापासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा दिष्ट प्रवाह तयार करते. परंतु पेटीमागचा खटका चालू केल्यावर ती सुरुवातीला ५ व्होल्टचा लहानसा प्रवाहच मदरबोर्डाला देते. हा जणू रात्रभर जागणारा पहारेकरी. कळ दाबली की मदरबोर्डावरील दोन बारीक पिना क्षणभर जोडल्या जातात आणि पहारेकरी पेटीला उठवतो. पेटी आपले सर्व व्होल्ट योग्य आहेत ना हे पाहून ‘सारे ठीक’ असा उलट संदेश देते. मगच संगणक कामाला लागतो.

म्हणजे ही एक साखळी झाली. साखळी कळली की एकेक दुवा तपासता येतो.

भिंतीतल्या सॉकेटात वीज आहे का? टेबलदिवा लावून पाहिला, आहे. पेटीमागचा खटका चालू आहे का? आहे. मदरबोर्डावर एक चिमुकला दिवा जळत होता. त्याअर्थी पहारेकरी जागा होता आणि पेटी पूर्णपणे जळालेली नव्हती. माझे निदान तिथेच लंगडे पडले! मग कळेचा निरोप पोहोचतो का? मुलीने माहितीपुस्तिकेत त्या दोन पिना शोधल्या. संगणकाची वीज काढून तिथल्या तारा बाजूला केल्या, पुन्हा वीज जोडली आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक नेमक्या त्याच दोन पिनांना क्षणभर टेकवले. पंखा गरगर फिरू लागला!

मदरबोर्ड ठीक होता, पेटीही ठीक होती. कळेच्या तारा वरच्या ओळीऐवजी खालच्या ओळीतल्या पिनांवर बसल्या होत्या, एवढेच. दुरुस्तीचा खर्च शून्य रुपये.

पंखा क्षणभर फिरून थांबला असता, तर अर्थ वेगळा झाला असता. कोठे शॉर्ट सर्किट असले तर पेटी स्वतःच्या रक्षणासाठी बंद होते. अशा वेळी मदरबोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवायचा, अगदी आवश्यक तेवढेच भाग जोडायचे आणि मग एका वेळी एकच भाग वाढवत जायचे. दोन बदल एकदम केले, तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, हे कधीच कळत नाही.

ही रीत काही आजची नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणक बांधायला घेतला, तेव्हा त्यांनीही आधी एक लहान प्रायोगिक यंत्र केले. ते १९५६ साली चालू झाले. त्यावर अनुभव घेऊन बांधलेले, सुमारे २७०० निर्वात नलिकांचे मोठे यंत्र १९६० साली कामाला लागले. १९६२ साली त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. आधी थोडे जोडा, ते चालते याची खात्री करा, मग पुढे जा!

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या प्रयोगशाळेत उत्तर आधीच ठाऊक असते. मग विद्यार्थी आधी उत्तर लिहितात आणि निरीक्षणे मागाहून जुळवतात, हे आपण सर्वच जाणतो. बंद पडलेल्या यंत्राचे उत्तर मात्र पुस्तकाच्या शेवटी छापलेले नसते. तिथे फसवणूक चालत नाही, कारण पंखा फिरतो किंवा फिरत नाही. म्हणून माझे मत असे, की प्रत्येक शाळेने भंगारात निघालेला एखादा संगणक विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करावा. ‘मुले मोडतोड करतील’ ही भीती रास्त आहे. पण भंगाराचे आणखी काय बिघडणार? अभ्यासक्रमाला वेळ पुरत नाही, हेही खरे. तरी वर्षातल्या दोन तासिका यासाठी काढाव्यात, इतके ते मोलाचे आहे.

मित्रांनो, दोन पथ्ये मात्र पाळा. भाग काढता-घालताना वीज तोडलेलीच हवी, आणि जवळ जाणते माणूस हवे. वीजपुरवठ्याची पेटी तर कधीही उघडू नका. वीज काढल्यावरही तिच्यातील धारित्रांत घातक विद्युतभार साठलेला असू शकतो.

आणि कोणी खात्रीने म्हणाले, ‘अमुक भाग गेला’, तर नम्रपणे विचारा, ‘कशावरून?’ सांगणारा तुमचा विज्ञानाचा शिक्षक असला, तरीसुद्धा!