विश्लेषण : वादळ मुंबईला ‘हुकलं’ म्हणजे अंदाज चुकला का?

मे २०२५ आठवतोय? अरबी समुद्रात अजून धड काही तयार झालेलं नव्हतं आणि मोबाइलवर वादळाचं बारसंही उरकलं होतं. नाव ‘शक्ती’. ते कधी धडकणार, कुठे धडकणार, याच्या तारखा फिरत होत्या. ‘असं कोणतंही चक्रीवादळ सध्या नाही,’ हा हवामान विभागाचा खुलासा आला, पण तो अर्थातच तेवढा फॉरवर्ड झाला नाही.

पुढे प्रत्यक्षात काय झालं? दक्षिण कोकणासमोर कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, त्याचं डिप्रेशन झालं आणि २४ मे रोजी रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान त्याने किनारा ओलांडला. ते चक्रीवादळ झालंच नाही, त्यामुळे त्याला नावही मिळालं नाही. पाऊस मात्र दणकून झाला. दोन दिवसांनी, २६ मे रोजी मान्सून मुंबईत पोहोचला, आजवरच्या नोंदींमध्ये सर्वांत लवकर. ‘शक्ती’ हे नाव खरोखर वापरलं गेलं ते ऑक्टोबरमध्ये. ते वादळ महाराष्ट्राकडे न येता पश्चिमेला गेलं आणि समुद्रातच विरलं.

म्हणजे मे महिन्यात जे वादळ ‘येणार’ होतं ते आलं नाही, आणि जे आलं त्याच्याकडे ‘वादळ नाही ना, मग ठीक आहे’ म्हणून बघितलं गेलं. यात हवामान विभागाचा अंदाज चुकला नव्हता. आपण तो वाचण्यात चुकलो. ‘आपण’ यात आम्ही डिजिटल डेस्कवाले पहिले.

अंदाज येतो कुठून?

बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र मिळून जो उत्तर हिंद महासागर होतो, त्याची जबाबदारी दिल्लीतल्या प्रादेशिक विशेष हवामान केंद्राकडे आहे. हे केंद्र भारतीय हवामान विभागाचंच. जगात अशी सहा केंद्रं आहेत. दिल्लीचं केंद्र भारतासह १३ देशांना माहिती पुरवतं. वादळांची नावंही याच देशांनी दिलेली असतात. २०२० मध्ये जाहीर झालेल्या यादीत प्रत्येक देशाची १३, अशी एकूण १६९ नावं आहेत. नाव यादीत आधीपासून असतं, म्हणून कुणीही ते उचलून ‘पुढचं वादळ’ म्हणून फिरवू शकतं. पण ते अधिकृतपणे दिलं जातं सलग वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे गेल्यावरच. त्याआधीच्या पायऱ्या म्हणजे कमी दाबाचं क्षेत्र, डिप्रेशन आणि डीप डिप्रेशन. बहुतेक कमी दाबाची क्षेत्रं या जिन्यावर अर्ध्यातच थांबतात.

या केंद्राचं बुलेटिन रोज निघतं, समुद्रात काही हालचाल असो वा नसो. कोरडं, इंग्रजीत, आकडे आणि अक्षांश-रेखांशांनी भरलेलं. समुद्राचं तापमान किती, वरच्या थरातले वारे कसे आहेत, ढग कुठे साचलेत, हे सगळं त्यात येतं. आपल्या कामाचा भाग म्हणजे त्यातला छोटा तक्ता. पुढच्या सात दिवसांत डिप्रेशन तयार होण्याची शक्यता शून्य, कमी, मध्यम की जास्त, हे त्यात प्रत्येक दिवसासाठी दिलेलं असतं. ‘कमी’ म्हणजे साधारण एक तृतीयांशापर्यंत, ‘जास्त’ म्हणजे दोन तृतीयांशांच्या पुढे. इथे एक गोष्ट सटकते. ही शक्यता डिप्रेशनची असते, चक्रीवादळाची नाही. ‘शक्यता जास्त’ एवढेच दोन शब्द उचलले की हेडलाइन तयार होते : ‘चक्रीवादळाचा धोका वाढला!’

मग विंडीसारख्या अ‍ॅपवर दहा दिवसांनंतरचं वादळ आजच लालभडक का दिसतं? कारण तिथे तुम्ही एकाच मॉडेलचं एकच गणित बघत असता. वादळाचं केंद्रच अजून तयार नसेल तर प्रत्येक मॉडेल वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करतं आणि दहा दिवसांत वेगळ्याच देशात पोहोचतं. जून २०२३ च्या ‘बिपरजॉय’च्या वेळी हेच झालं. सुरुवातीला कुणी ते ओमानकडे नेत होतं, कुणी गुजरातकडे. शेवटी १५ जूनला ते कच्छमध्ये जखाऊजवळ धडकलं. अ‍ॅप खोटं नसतं, पण ते एका मॉडेलचं मत असतं. दिल्लीतले शास्त्रज्ञ अशी अनेक मतं शेजारी ठेवून, उपग्रह आणि रडारशी ताडून मग बोलतात, म्हणून उशिरा बोलतात.

वाऱ्याच्या आकड्यांचाही असाच घोळ होतो. आपल्याकडे वेग तीन मिनिटांच्या सरासरीने मोजतात, अमेरिकी संस्था एका मिनिटाच्या. त्यामुळे त्याच वादळाचा अमेरिकी आकडा मोठा दिसतो. ‘सरकार वेग लपवतंय’ या मेसेजमागे अनेकदा एवढंच असतं.

नकाशावरची रेघ आणि तिच्या भोवतीचा पट्टा

वादळाच्या नकाशात मध्ये एक रेघ असते आणि तिच्या भोवती पुढे पुढे रुंद होत जाणारा शंकू. आम्ही ग्राफिक करताना जागा वाचवायला बऱ्याचदा शंकू काढून रेघ ठेवतो. इंजिनिअरिंगला असताना टॉलरन्स न लिहिलेलं ड्रॉइंग सर तपासायचेही नाहीत, तसेच परत करायचे. शंकू हा या नकाशाचा टॉलरन्स आहे. वादळाचं केंद्र कुठपर्यंत सरकू शकतं, हे तो सांगतो, आणि तो काढतात आधीच्या वर्षांतल्या चुकांवरून.

या चुका किती? अलीकडच्या वर्षांत २४ तास आधीच्या अंदाजात केंद्राची जागा सरासरी ७५ ते ८० किलोमीटरने चुकते. तीन दिवस आधीच्या अंदाजात दुप्पट किंवा त्याहून जास्त. जागतिक तुलनेत ही कामगिरी चांगली आहे. पण मुंबईपासून दिवेआगर सरळ रेषेत तेवढ्याच अंतरावर आहे.

३ जून २०२० ला नेमकं हेच झालं. ‘निसर्ग’ अलिबागच्या आसपास येणार असा अंदाज होता आणि मुंबईने दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात धडकलं. मुंबईत संध्याकाळपर्यंत ‘कुठे आहे वादळ?’ असे मीम्स सुरू झाले. त्या वेळी रायगडमध्ये आणि दापोली-मंडणगडमध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या, घरांवरची कौलं-पत्रे उडाले होते, वीज आणि मोबाइल नेटवर्क बंद होतं. तिथून मीम करायला कुणाकडे रेंजच नव्हती. अंदाजाच्या दृष्टीने ‘निसर्ग’ हे यश होतं. मुंबईपुरतं बघणाऱ्यांना ते अपयश वाटलं.

वर्षभराने ‘तौक्ते’ने उलटा धडा दिला. या वादळाची रेघ मुंबईला कुठेही शिकत नव्हती. ती समुद्रातून, शहराच्या पश्चिमेला शंभराहून जास्त किलोमीटरवरून गुजरातकडे जात होती आणि वादळ तसंच गेलंही. १७ मे २०२१ च्या रात्री ते दीवजवळ धडकलं. पण त्याच दिवशी कुलाब्यात ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. शंकू फक्त केंद्राचा असतो. वारा, पाऊस आणि लाटा त्याच्या कितीतरी बाहेर पोहोचतात, हे नकाशात कुठेही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नसतं.

त्याच दिवशी मुंबईपासून दूर, तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज होता. त्यावर २६१ जण होते. इशारे काही दिवस आधीपासून निघत होते, तरी बार्ज किनाऱ्याला न आणता प्लॅटफॉर्मपासून थोडा दूर नांगरून ठेवला गेला. नांगर तुटले, बार्ज भरकटला, प्लॅटफॉर्मवर आदळला आणि संध्याकाळी बुडाला. सत्तरहून जास्त माणसं गेली. कोणी काय ठरवलं, यावर नंतर बरेच वाद झाले. पण ‘आपण इथे सुरक्षित आहोत’ हा हिशेब वादळाच्या अंदाजावरच कुणीतरी केला होता.

‘बिपरजॉय’च्या वेळचं उदाहरण तर शहरातलंच आहे. १२ जून २०२३ ला जुहूला समुद्रात उतरलेल्या चार मुलांचा बुडून मृत्यू झाला. वादळ तेव्हा शेकडो किलोमीटर दूर होतं आणि मुंबईकडे येतही नव्हतं. त्याने उठवलेल्या लाटा मात्र किनाऱ्यावर पोहोचल्या होत्या.

बातमीतून गळणारा परिच्छेद

अरबी समुद्रात वादळं मुख्यतः मान्सूनच्या आधी, म्हणजे मे-जूनमध्ये आणि मान्सूननंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. मधल्या महिन्यांत वरचे आणि खालचे वारे इतके उलटसुलट असतात की वादळाची उतरंड उभीच राहत नाही. पूर्वी हा समुद्र बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जायचा. पुण्याच्या आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार १९८२-२००० च्या तुलनेत २००१-२०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली.

मे महिना म्हणजे १ जूनच्या मासेमारी बंदीआधीच्या शेवटच्या फेऱ्या. ऑक्टोबर म्हणजे हंगामाचा ऐन भर. हवामान विभागाच्या प्रत्येक वादळ-बुलेटिनमध्ये मच्छीमारांसाठी वेगळा परिच्छेद असतो. कोणत्या तारखेपासून कोणत्या भागात जाऊ नये, गेलेल्यांनी कधीपर्यंत परतावं, हे त्यात असतं. तो जवळजवळ नेहमीच बातमीतून गळतो, कारण ‘मुंबईला धोका आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं.

तांडेलाने मात्र त्याच परिच्छेदावर निर्णय घ्यायचा असतो. फेरी अर्धवट सोडून बोट परत फिरवायची म्हणजे डिझेल गेलं, बर्फ गेला, खलाशांचा रोज अंगावर आला. वादळ दुसरीकडे वळलं तर हा खर्च त्याच्या खिशातून जातो. दोनदा असं झालं की तिसऱ्या इशाऱ्याला बोट थांबते आणि ‘बघू उद्या’ होतं. शक्यतेच्या भाषेतला अंदाज शंभरपैकी काही वेळा वाया जाणारच, ती त्याची रीत आहे. त्या वाया गेलेल्या फेरीचा थोडा तरी भार सरकारने किंवा विम्याने उचलायला हवा. वादळानंतर पंचनामे करून भरपाई देण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. आणि बुलेटिनमधला तो परिच्छेद सोप्या मराठीत, बंदरावर ३ नंबरचा बावटा चढण्याच्या आधी, जेटीवर लागला पाहिजे. आमच्या बातमीतही तो पहिल्या तीन ओळींत यायला हवा.

पुढचं वादळाचं चित्र मोबाइलवर आलं की आधी त्यावरची तारीख आणि वेळ बघा. या बुलेटिनचा अंदाज वादळ सुरू असताना दर काही तासांनी बदलतो, परवाचा नकाशा आज कामाचा नसतो. मग तो कोणी काढलाय ते बघा आणि रेघेभोवतीचा शंकू आहे का ते शोधा. ओळखीचं कुणी समुद्रात असेल, तर नकाशा न पाठवता मच्छीमारांसाठीचा परिच्छेद पाठवा.